‘गेल्या’ म्हणजे कुठे?

परिचारिकांच्या टेबलावरचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा बुरुलायनं फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि रिसीव्हर उचलला. रशियातल्या ओम्स्कच्या या इस्पितळात ती सहा वर्षं फरश्या पुसत होती, पण फोनला कधी हात लावला नव्हता. किर्गिझ गावातून येताना आणलेली तिची रशियन भाषा दुकानात बोलण्यापुरतीच होती. या हिवाळ्यात मात्र ती वाचनालयातल्या वर्गाला जाऊ लागली होती आणि गेल्याच आठवड्यात वरच्या तुकडीत बसली होती. तिथं सध्या जाण्यायेण्याची क्रियापदं चालली होती. निघून जाणं वेगळं, खाली जाणं वेगळं, जाऊन येणं वेगळं. इथंच सगळ्यांचे पाय घसरतात, असं बाई म्हणायच्या.

फोनवर विताली होता, पाच नंबरच्या खोलीतल्या फाइना येगोरोव्हनांचा मुलगा. दर मंगळवारी फोन करायचा, यायचा कधी नाही. त्यानं आईची चौकशी केली. म्हातारी तेव्हा खाली एक्स-रे काढायला गेली होती.

"त्या गेल्या," बुरुलायनं स्वच्छ उच्चारात सांगितलं. "आत्ताच. कॉट रिकामी आहे."

फोन बंद झाला. आपलं बोलणं पहिल्या झटक्यात समजलं, म्हणून ती खूश झाली.

तासाभरात विताली आला. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं वेडीवाकडी, डोळे सुजलेले. आई पलंगावर बसून रव्याची लापशी खात होती.

"बूट काढ," ती म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय."

पन्नाशीचा तो धिप्पाड माणूस खाली बसला आणि आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. मग काय घडलं ते कळलं आणि तो भडकला. हिला कामावरून काढा म्हणाला. मुख्य परिचारिका झोया मात्वेयेव्हना धावत आल्या. बुरुलाय भिंतीला टेकून उभी राहिली, पांढरीफटक.

म्हातारीनं चमचा खाली ठेवला. "कर तक्रार. पण हेही लिही, की बसच्या चार थांब्यांवर राहून तू दोन वर्षं मला भेटायला आला नाहीस, आणि हिच्या एका शब्दानं तासात आलास."

वितालीचे खांदे हलू लागले. तो हसत होता. म्हातारीही हसू लागली, लापशी सांडेपर्यंत.

तरी नियम तो नियम. लेखी खुलासा हवाच होता. झोया मात्वेयेव्हनांनी समजुतीनं सांगितलं, मी लिहून देते, तू फक्त सही कर.

"मी लिहिते," बुरुलाय म्हणाली.

खिडकीपाशी बसून तिनं चाळीस मिनिटं एक पान लिहिलं. पाणी आणायला निघालेला विताली वाकून बघू लागला, तेव्हा तिनं हातानं कागद झाकला.

झोया मात्वेयेव्हनांनी तो दोनदा वाचला. निघून जाणं, खाली जाणं, जाऊन येणं, सगळी क्रियापदं त्यात आपापल्या जागी बरोबर होती. चष्मा काढून डोळे पुसले. एका चुकीच्या अक्षरावर पेन नेलं, आणि तसंच परत टोपणात घातलं.

खाली बुरुलायनं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, इथं मानानं हाक मारतात तसं. सहा वर्षांत या इमारतीत ते कुणी विचारलं नव्हतं. ते नाव तिनं जरा मोठ्याच अक्षरात काढलं होतं.