सिफूंच्या चहात दूध

विंग चुन कुंग-फूच्या क्लासला रेणूला आणलं कुणी? वल्लरीने. मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवायचा, हे शिकवलं कुणी? वल्लरीनेच. आणि भिंतीवर गुरूंच्या फोटोंखाली नावाची पाटी लागणार कुणाची? रेणूची! वल्लरीचा नुसता तिळपापड झाला होता.

त्या फोटोंची गोष्टसुद्धा तिनेच रेणूला गाडीत सांगितली होती, चकल्या खात खात. म्हणे फार पूर्वी चीनमध्ये एका भिक्षुणीने करकोचा आणि साप यांची झुंज पाहिली, त्यातून ही कला रचली आणि टोफूवाल्याच्या मुलीला शिकवली. एक गुंड लग्नासाठी हात धुऊन त्या मुलीच्या मागे लागला होता. तिने त्याला लोळवलं! तिचं नाव विंग चुन. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नाही. पण सिफू, म्हणजे त्यांच्या गुरू लाऊबाई, आपल्या गुरूंचं नाव, मग त्यांच्या गुरूंचं, असं घेत थेट त्या मुलीपर्यंत पोचायच्या, तेव्हा वल्लरीच्या अंगावर काटा यायचा. तिला त्या साखळीत शिरायचं होतं. त्यासाठी सिफूंनी बोलवायला हवं, मग गुडघे टेकून त्यांना चहा द्यायचा. त्यांनी प्यायला, की तुम्ही घरच्या, भिंतीवर तुमची पाटी.

बोलावलं रेणूला.

शनिवारी रेणूची आई, सुमित्राकाकू, भलामोठा थर्मास घेऊन दारात हजर.

"वल्लरी, बघ गं जरा. सिफूंना चहा द्यायचाय ना? आलं, वेलची, होल मिल्क, मस्त उकळलाय. चालेल ना? तू इथली जुनी."

इथे लागतो तो चिनी चहा, बिनदुधाचा. पानांचा डबा मागच्या खोलीत होता. एक वाक्य पुरलं असतं.

"एकदम परफेक्ट, काकू!" वल्लरी म्हणाली.

रेणू गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी कप पुढे केला. सिफूंनी आत पाहिलं. वर जाड साय तरंगत होती. रेणूचे कान लालबुंद झाले आणि वल्लरीला आतून गुदगुल्या. आता बघ गंमत!

सिफूंनी कप खाली ठेवला. "हिची सि-जे कोण?"

सि-जे म्हणजे थोरली बहीण. वयाने नव्हे, जी आधी आली ती. रेणू वर्षाने मोठी, तरी थोरली वल्लरी. तिने कसाबसा हात वर केला.

"धाकटीचा चहा थोरलीने आधी बघायचा असतो. चूक झाली तर तीही थोरलीची."

गुदगुल्या थांबल्या.

"नाही सिफू," रेणू घाईने म्हणाली, "चूक माझीच. मी वल्लरीला विचारलंच नाही."

शी! चांगुलपणासुद्धा हिनेच पळवायचा? वल्लरीला ते अजिबात सहन झालं नाही.

"काकूंनी विचारलं होतं," ती फाडकन बोलली. "मला माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलं. मला हिच्या आधी हवं होतं ते."

मागे काकूंनी "अगं बाई!" केलं.

"म्हणूनच तुला अजून बोलावलं नाही," सिफू शांतपणे म्हणाल्या. "जा. चहा कर."

वल्लरीने पाणी तापवलं, पानं घातली, चाखून पाहिलं, आणि कप स्वतःच्या हाताने रेणूच्या हातात दिला. कुणीतरी तिचाच दागिना तिच्याच हाताने दुसरीला घालायला लावावा, तसं वाटलं तिला. सिफू तो प्यायल्या. रेणू घरची झाली.

मग रीतीप्रमाणे थोरल्या बहिणीला चहा. रेणूने थर्मासमधलाच ओतला आणि पुन्हा गुडघे टेकले.

"घ्या ताई. होल मिल्क."

वल्लरीने कप घेतला. चहा झकास होता, त्याचाही तिला राग आला. भिंतीवरच्या नव्या पाटीकडे बघत तिने चिमणीएवढा घोट घेतला. मग थांबली. मग आणखी एक.

"वल्ले, लवकर पी ना यार! गुडघे गेले माझे."

"गप गं. ताई पितेय."