दारातल्या मुलीची गाठ

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. वळताना दिलेला पीळ अजून अंगात आहे, म्हणून मला स्वस्थ बसवत नाही.

उमेदीची वर्षं माझी ट्रकवर गेली. एका ठिकाणचं काम संपलं की माणसं दुसऱ्या कामावर निघत. गाद्या, पातेली, पाळणा, सगळं माझ्या कवेत. "दोर पक्का आहे," असं ड्रायव्हर म्हणाला की ऊर भरून येई. पुढे मी विरलो आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडलो. तिथे मजुरांच्या मुलांचा वर्ग भरे. बाईंनी मला गाठी मारल्या. एकेका गाठीला एकेक मूल, आणि सगळी गात गात खोलीभर फिरत:

धर धर गाठ गं, चल चल वाट,
पुढं माझा हात गं, मागं तुझा हात.

भिंगरी तेवढी गात नसे. पाय ठरत नसत, म्हणून तिला भिंगरी म्हणत. मी कोपऱ्यातून निघालो रे निघालो की ती चपला घाली, धाकट्या भावाला कडेवर घेई आणि दारात जाऊन उभी राही.

"अगं, कुठे निघालीस?" बाईंनी विचारलं.

"दोर काढला ना. आता गाडी येणार."

"हा खेळायचा दोर आहे गं."

"मागच्या वेळी माझी पाटी राहिली. गाडी थांबत नाही."

बाईंनी हट्ट धरला नाही. माझं एक टोक दाराच्या कडीला बांधलं. "तू तिथूनच धर."

रोज एकेक गाठ पुढे सरकत भिंगरी आत आली. एके दिवशी चक्क मधोमध, अनवाणी, मोठ्याने गाऊ लागली.

नेमके तेव्हाच तिचे बाबा दारात आले. "बाई, दोर मिळेल का? सामान बांधायचंय. उद्या आणून देतो."

"उद्या तुम्ही कुठे असाल?"

ते ओशाळून हसले. "ते मुकादमाला ठाऊक."

"आधी गाणं होऊ दे," भिंगरी म्हणाली.

बाबा उंबऱ्यावर टेकले. बाहेर हॉर्न वाजत राहिला. गाणं मात्र संपेचना. संपत आलं की ती पुन्हा पहिल्यापासून धरी.

शेवटी बाईंनीच मला गुंडाळून तिच्या हाती दिलं. "गाठी तेवढ्या सोडू नका हं," त्या बाबांना म्हणाल्या.

नव्या जागी अजून वर्ग नाही. संध्याकाळी भिंगरी मला मातीत पसरते, शेजारची पोरं गाठी धरतात. माझे धागे सुटत चाललेत. फार दिवस पुरेन असं वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गाच्या दारात कुणी घुटमळताना दिसलं, तर त्याला आत ओढू नका. थोडं सरकून जागा करा. आणि जरा लवकर करा. गाडीचा नेम नसतो.