निबंधकाकांचे निरोप

दुपारच्या शांततेत ओट्यावरचा चमचा खणकन खाली पडला. माझी पाच वर्षांची लेक कूस बदलून पुन्हा झोपली. ती झोपते तेवढाच वेळ माझा.

आमची कंपनी चॅटचं सॉफ्टवेअर बनवते आणि आपसात बोलायलाही तेच वापरते. आलेले निरोप वाचून पुढे पाठवणारा भाग मी लिहिलेला, लेक तापाने फणफणली होती त्या आठवड्यात. प्रत्येक निरोप एक्सएमएलच्या दोन खुणांमध्ये येतो, एक सुरुवातीची, एक शेवटची. लांब निरोप मात्र एका दमात येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो. शेवटची खूण येईपर्यंत तुकडे धरून ठेवायचे असतात. मी धरलेच नव्हते. पहिल्या तुकड्यात शेवट दिसला नाही की माझा कोड अख्खा निरोप मोडका समजून फेकून द्यायचा.

हे मला आज कळलं. इतरांना कळणार कसं? सगळे ‘हो’, ‘झालं’, ‘बघतो’वाले. लांब लिहिणारा माणूस एकच, आमच्या वापरपुस्तिका लिहिणारे निबंधकाका. साहेबांनी तीनदा विचारूनही उत्तर देत नाहीत, म्हणून चार वाजता त्यांचा निकाल लागायचा होता. आणि माझी नोकरी कायम व्हायला नऊ दिवस उरले होते.

चारला सगळे पडद्यावर जमलो.

“काका, तीन आठवडे झोपला होतात की काय?” साहेब म्हणाले.

“मी तिन्ही वेळा सविस्तर लिहिलं होतं.”

“मग वाटेत उंदरांनी कुरतडलं वाटतं!” कोणीतरी फिस्सकन हसलं.

“या ताईंना विचारा,” काका म्हणाले. “त्यांना ठाऊक आहे.”

मला ठाऊक आहे हे यांना कसं कळलं? साहेब माझ्याकडे वळले.

“काय गं, तुझ्या कोडमध्ये गडबड आहे काही?”

लेक उठून माझ्या मांडीवर येऊन बसली होती. तिच्या केसांना झोपेचा ऊबदार वास होता. मी तिला घट्ट धरलं.

“नाही सर. सगळं नीट चालतंय.”

काका म्हणाले, “मग माझंच काही चुकलं असेल.”

“असेल काय, चुकलंच! उद्यापासून घरी बसा, पोटभर निबंध लिहा.”

सगळे हसले. मीही हसले. काकांचा चौकोन विझला.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. नोंदीत लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. साहेबांचं लगेच ‘शाब्बास’ आलं. मग सर्व्हरवरच्या कच्च्या नकलेत तसाच राहिलेला जुना मजकूर नव्या कोडमधून फिरवून पाहिला. काकांची साहेबांना लिहिलेली तिन्ही उत्तरं बाहेर आली, मुद्देसूद, नम्र. चौथा निरोप मला होता, सोळा दिवसांपूर्वीचा.

‘ताई, माझे काही निरोप वाटेतच गायब होतायत. चूक तुमच्या भागात असावी. साहेबांना बोललो नाही, तुमची नोकरी अजून कच्ची, पदरात लहान लेकरू. आधी तुम्ही दुरुस्त करा.’ पुढे दीड पान होतं, कोणत्या दिवशी काय हरवलं त्याचं. आणि शेवटी, ‘छोटीचा ताप उतरला का?’

छोटीने पडद्यावर वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

“बाप रे, एवढं मोठं! कोणी लिहिलंय?”

“काकांनी.”

“तुला?”

“हो.”

“मग तू त्यांना काय सांगितलंस, आई?”