कपारीतली राखण

आमच्या मांजरी गावातल्या घरात सून सासूच्या आधी जेवत नाही. हा नियम माझ्या सासूने घातला, मी पाळला, आणि धाकटी सून चैताली हिला उंबरा ओलांडल्या दिवशीच ऐकवला. शिकलेली, कंपनीत जाणारी पोर. तरी तिने कधी मोडला नाही. मी चारचौघींत हे मिरवायची.

तिचं बाळ सातव्या महिन्यातच झालं. हडपसरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी तिथल्या तिथे भैरोबाला बोलले, बाळ घरी येईस्तोवर अन्नाला शिवणार नाही. चहा नि केळं, बस्स.

नवव्या दिवशी नर्सबाई म्हणाली, आईचं दूध आटत चाललंय, बाळाला तेच हवंय. चैताली खाली बघत राहिली. मीच बोलले, "आजकालच्या पोरींच्या अंगात असतंय काय? नुसत्या काड्या."

बाकावर शेजारी थोरल्याची ऋतुजा मोबाइल बघत होती. ती कॉलेजात समुद्रातले जीव शिकते.

"हे काय गं लिबलिबीत?"

"ऑक्टोपस, आजी. थंडगार समुद्रातला. हात पसरले तर बाबांच्या दुप्पट. रक्त निळं, आणि काळजं तीन."

"तीन? आपल्या भावकीत एकेकाला एक नाही."

ती मादी होती. कपारीच्या छताला तिने अंड्यांच्या माळा टांगल्या होत्या. तांदळाएवढी अंडी, हजारोंनी. हातांनी ती पुसायची, त्यांच्यावर पाण्याची फुंकर घालायची.

"सहा-सात महिने अशीच बसते. समोरून खेकडा गेला तरी खात नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा ती मरते."

"कुणी सांगितलंय तिला उपाशी बसायला?"

"कुणी नाही. तिचं शरीरच तसं आहे."

व्हिडिओच्या शेवटी ती पांढुरकी पडली होती. कातडी लोंबत होती. एक हात तेवढा अंड्यांवरून फिरत होता.

मी मान वर केली. चैताली बाळाच्या खोलीच्या काचेला हात टेकून उभी होती. बांगड्या पार कोपराकडे घसरलेल्या.

"चैताली, काल काय जेवलीस?"

तिने काचेवरचा हात खाली घेतला.

"विचारतेय मी."

"चहा घेतला, आत्याबाई. केळं खाल्लं. तुम्ही जेवला नाहीत ना."

नऊ दिवस! ओली बाळंतीण. त्या ऑक्टोपसला कुणी सांगितलं नव्हतं. हिला मी सांगितलं होतं.

ऋतुजाच्या डब्यात भाकरी नि मेथी होती. मी तिथेच घास मोडून तोंडात घातला. गिळवत नव्हता, गिळला. मनात म्हणाले, भैरोबा, नवस मी मोडलाय. जे करायचं ते माझं कर, त्या पेटीकडे बघू नकोस.

"आत्याबाई, अहो, नवस..."

"माझ्या नवसाचं मी बघते. मी जेवलेय. बस आता इथे."

ती बसली. भाकरी तिच्या हातात दिली आणि मी उठून काचेपाशी जाऊन उभी राहिले. तिचं खाऊन होईपर्यंत ती जागा मोकळी राहायला नको.