सव्विसाव्या दिवसाची गाठ

लाल दोऱ्याची गाठ… देठाला काचणार नाही इतकी सैल, वाऱ्याने घसरणार नाही इतकी घट्ट, आणि दोऱ्याचं एक टोक दुसऱ्याहून लांब. चारुलतेच्या हातात कात्री होती, पण नजर गाठीवरून हलत नव्हती. महानगर मोहल्ल्यातल्या घरामागे, पपईपलीकडे, बाबांनी तिच्या संशोधनासाठी चार हात जागेत गहू पेरला होता. ओंबी फुलली की त्याच दिवशी दोरा बांधायचा; मग दहाव्या, अठराव्या, सव्विसाव्या दिवशी थोड्या थोड्या ओंब्या कापून दाण्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे — सालीलगतच्या थरात लोह, जस्त, स्फुरद कधीपासून साठू लागतं ते. गव्हाच्या संशोधनातून निवृत्त झाल्यावरही बाबांना हा एकच प्रश्न पुरला होता.

दोरे बांधल्यावर सहाव्या दिवशी बाबा गेले. दहावा दिवस सुतकात गेला. अठराव्या दिवशी ती इथवर आली आणि तशीच परतली — ओंबी कापली की गाठ सुटणार, आणि बाबांच्या बोटांनी बांधलेलं जगात दुसरं काय उरलं होतं? आज सव्विसावा. आज नाही तर हा हंगाम गेलाच. आणि पुढच्या वर्षी पेरणार कोण?

खालची पानं पिवळी पडली होती. ‘आजारी नाही गं ते पान,’ बाबा म्हणायचे, ‘दाण्यासाठी रिकामं होतंय.’ रुग्णालयात त्यांचं वाळलेलं मनगट हातात धरताना नेमकं हेच वाक्य आठवलं होतं, आणि तिला त्या वाक्याचा राग आला होता… पानाचं ठीक आहे, माणूस कुणात रिकामा होतो?

“चारू, कापणार आहेस की आरती ओवाळणार आहेस?” आई सब्जीची पिशवी घेऊन मागे उभी होती.

“बाबांच्या गाठी आहेत, आई.”

“अच्छा! यांच्या?” आई चक्क हसली, कितीतरी दिवसांनी. “हात थरथरत होते त्यांचे. खुर्चीत बसून नुसते हुकूम — ही बांध, ती नको, ती कालची आहे! गाठी माझ्या आहेत. गजऱ्याची गाठ, बघ तरी.”

तिने पाहिलं. ते लांब टोक — केसांत अडकवायला आई नेहमी सोडायची ते. शाळेच्या दिवसांत रोज सकाळी माझ्याच वेणीत… आणि केसाहून बारीक गोष्टी बघण्यात जन्म घालवणाऱ्या मला ते दिसू नये?

“बोलली नाहीस कधी.”

“विचारलंस कुठे? तुम्हा बापलेकीचं ते शास्त्र.”

कात्री चालली. ओंबी तळहातावर आली. चारुलतेने एक दाणा नखाने दाबला. आतलं दूध आटून मऊ कणकेसारखं झालं होतं.

“यात दिसतं काय गं तुम्हाला?”

“ठिपके. निळ्या रंगात काप बुडवला की लालसर जांभळे. कोंब फुटेल तेव्हाची शिदोरी असते ती.” तिने थांबून म्हटलं, “पण दहावा आणि अठरावा राहिला, आई. ते रकाने कोरेच राहणार.”

आईने सुटलेला दोरा उचलून बोटाभोवती गुंडाळला, नेहमीसारखा, पुन्हा लागेल म्हणून. “पुढच्या वर्षी पांढरा घेऊ. हा दवात रंग सोडतो बघ.”

चारुलतेने पाहिलं. आईच्या बोटावर फिकट लाल वळ उमटला होता. कोऱ्या रकान्यांचं दुःख होतं तिथेच होतं… पण ती आता उरलेल्या ओंब्यांकडे पाहत होती, आणि कोणती बियाण्याला ठेवायची ते ठरत नव्हतं.

“ही?” तिने विचारलं.

“ती नको,” आई म्हणाली.