दोन पोटांचं भांडं

चुलीमागच्या कोनाड्यातलं ते काळं भांडं फार पूर्वी इथं राहून गेलेल्या जुन्या लोकांचं होतं. एतेल्विनाच्या आजेसासऱ्यांना शेत नांगरताना मिळालेलं. दोन पोटं, मधे नळी, एका पोटावर उंच मान आणि दुसऱ्यावर गुडघे जवळ घेऊन बसलेली मातीची इवलीशी मुलगी. अर्धं पाणी भरून कलतं केलं की पाणी या पोटातून त्या पोटात जाई, आणि मुलीच्या डोक्यामागच्या भोकातून एक लांब, सरळ शीळ निघे. घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मडकी थापटून घडवीत आल्या होत्या, पण वाजणारं भांडं त्यांच्यातल्या एकीलाही जमलं नव्हतं.

एतेल्विनाची लेक लुस्मिला गेल्या सुगीत जुन्या लोकांना पुरलेल्या टेकाडावरून घसरली. खरचटलं नाही, काही नाही, पण तिची वाचा गेली. त्याआधी तिला एकच शब्द येत होता, तोही मधे श्वास घेऊन, दोन तुकड्यांत : आ… ई. आता तोही नाही. एतेल्विना रात्रंदिवस तिच्या तोंडाकडे बघत बसे, घास भरवताना, वेणी घालताना, आणि भट्टीतली मडकी जास्त भाजली जात.

"आपल्या घरात मडकं बोलतं, पोरगी बोलत नाही," सासू बाल्तासारा म्हणे. "तुझ्या माहेरची माती, दुसरं काय."

शेवटी निकानोर भगताला बोलावलं. त्यानं पोरीच्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दचकून जीव टेकाडावर राहिलाय. भर दुपारी तिचा झगा घेऊन जा, भांडं वाजव आणि हाक मार. तिच्या वतीनं 'आले' म्हणायला कुणाला तरी सोबत ने. आणि ऐक, नाव बाप्तिस्म्याचं घे. दुसरं नाही."

सोबत सासूच गेली, वाटभर कुरकुरत. टेकाडावर उन्हाच्या झळा होत्या, समुद्राकडून वाळू उडत होती. एतेल्विनानं झगा पसरला, भांडं कलतं केलं. शीळ निघाली, आणि ती ऐकताच वाटभर घोकलेलं नाव डोक्यातून गेलंच. आलं ते रोज ओठांवर असायचं ते लाडाचं नाव.

"चिनिता, चल घरी."

"आले, आले," सासूनं सवयीनं उत्तर दिलं, आणि मग कपाळावर हात मारला. "अगं, चिनिता कोण? या गावातल्या प्रत्येक पोरीला चिनिताच म्हणतात. मेलेल्यासुद्धा धावत येतील."

पुन्हा हाक मारायची, तर पाणी सगळं पलीकडच्या पोटात उतरलं होतं, आणि उलट्या पाण्यावर जिवाला हाक मारत नसत. एतेल्विनानं झगा छातीशी धरला आणि ती रडत घरी आली.

अंगणात लुस्मिला कोंबड्यांमागे पळत होती. वळून म्हणाली, "आई, भूक लागली."

स्वच्छ, एका दमात.

त्या संध्याकाळी गल्लीत ढोल वाजला. मक्याची आंबवलेली दारू, चिचा, भोपळ्याच्या वाट्यांतून फिरली, निकानोर भगत "मी म्हणालो नव्हतो?" असं ज्याला त्याला सांगत हिंडला, आणि जन्मात सुनेचं कौतुक न केलेल्या सासूनं स्वतःच्या वाटीतला पहिला घोट एतेल्विनाला दिला. "घे. जिंकलीस बाई." पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर जात अखंड बोलत होती. कुणी "लुस्मिला" म्हणून हाक मारली की ती बघत नसे. "चिनिता" म्हटलं की धावत येई.

"लाडावलीय," सासू म्हणाली.

मग कुणीतरी हौसेनं ते भांडं पाणी भरून बाहेर आणलं. पोरीनं ते दोन्ही हातांत घेतलं, आधी दोन थेंब जमिनीवर सोडले, कोपर वर उचललं आणि अलगद कलतं केलं, जणू जन्मभर तेच केलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. या घरात थेंब सोडायची रीतच कुणाला माहीत नव्हती.

"माझं आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कुंभारणीची लेक," म्हणाले. एतेल्विना सगळ्यांत मोठ्यानं हसली. वर्षभराचं ओझं असं उतरलं होतं की आता तिला कशाचीच भीती उरली नव्हती. ढोलाच्या गलक्यात भांडं कसं वाजलं ते मात्र कुणाला ऐकू आलं नाही.

ते भांडं ठेवायला एतेल्विना आत आली. कोनाड्यात ठेवताना ते जरासं कललं, आणि तिचा हात तिथंच थांबला. लांब, सरळ शीळ नव्हती ती. एक आखूड सूर, मधे श्वास, मग दुसरा.

तिनं पुन्हा कलतं केलं. एक सूर, श्वास, दुसरा सूर : आ… ई.

"आई," अंगणातून हाक आली, स्वच्छ, एका दमात. "आई, ये ना, सगळे वाट बघताहेत."

एतेल्विनानं मातीच्या त्या इवल्या मुलीच्या तोंडावरून एकदा बोट फिरवलं. मग मडकी घडवायच्या थापटण्याशेजारच्या गोळ्यातली चिमूटभर ओली माती तिनं घेतली, डोक्यामागच्या भोकात भरली आणि अंगठ्यानं गुळगुळीत केली, कुठं जोड दिसू नये अशी.

"आले, चिनिता," ती म्हणाली, आणि डोळे पुसून ढोलाकडे निघाली.