लोन लार्चचा आकडा

“दोनशे चौदा, मर्ल. दोनदा बघितलं. दोनशे चौदाच.”

रेडिओतून आलेला तो आवाज ऐकला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आवाजाला चेहरा नव्हता. आमचं टीकेटल शिखर अलीकडे, त्याचं लोन लार्च पलीकडे, मध्ये वीस मैल नुसतं देवदारांचं रान. डोंगर डोंगराला भेटत नाही. पण माथ्यावरच्या काचेच्या खोल्यांतून रानातल्या आगींवर नजर ठेवत माझे बाबा मर्ल आणि तो आवाजवाला ऑर्व्हल लिंडक्विस्ट उन्हाळाभर बोलायचे. कुठे धूर दिसला की दोघं आपापल्या टेबलावरच्या पितळी चकतीवरून त्याची दिशा अंशांत धरायचे. दोन रेघा नकाशावर जिथे एकमेकींना कापतील, तिथे आग.

त्या दिवशी रेघांनी भलतीच घळ दाखवली. माणसं तिकडे धावली, आग इकडे मोकाट सुटली. नऊ खेचरं गेली, खेचरवाल्याचे दोन्ही हात भाजले. चौकशीत दोन्ही चकत्या जागच्या जागी निघाल्या. म्हणजे आकडा वाचताना कोणीतरी चुकलं. बाबांचा तो बारावा उन्हाळा, ऑर्व्हलचा दुसरा. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली.

खरं मला ठाऊक होतं. बाबा रोज सकाळी दूरच्या एका सुळक्यावर नेम धरून चकती जुळवायचे. त्या सकाळी त्यांनी ती जुळवल्यावर, खिडकीपाशी भिरभिरणारा इवला पक्षी बघायला मी टेबलावर चढले. गुडघा लागला, चकती दोन अंश सरकली. संध्याकाळी बाबांना कळलं. “हात लावला होतास?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, चकती गुपचूप जागेवर आणली, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. ऑगस्टमध्ये मी पाच मैल चढून लोन लार्चवर आले, ते हे सांगायला.

“मर्लची पोर ना तू?” म्हातारा जिन्यावरूनच म्हणाला. “चाल अगदी त्याची. चढ चढतेस की डोंगराशी भांडतेस?”

“मी बावन्न वर्षांची आहे, ऑर्व्हल. पोर कसली?”

“इथे सत्तरीच्या आतली सगळी पोरंच. कॉफी घे. कडू आहे, पण माझ्याइतकी नाही.”

कॉफी प्यायले, डब्यातले पीच खाल्ले; सांगायचं ते राहूनच गेलं. दुपारी पश्चिमेकडून ढग आले. काळे, कोरडे, पाण्याचा थेंब नसलेले. ऑर्व्हलने काचेचे पाय लावलेलं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“वर बस. पाय जमिनीला टेकवू नकोस. यावर बसलेल्याला वीज ओळख देत नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझी तिची जुनी ओळख आहे.”

वीज चार वेळा पडली. पाचव्यांदा पडली तेव्हा खोलीतली चमचा-ताटली कुणकुणली. मग ढग पुढे गेले, आणि सीडर क्रीक ओढ्यावरच्या डोंगराच्या दांड्यावर, केसभर जाड, निळसर असा धुराचा एक धागा उठला.

ऑर्व्हल चकतीवर वाकला. चकतीवरच्या नेमाच्या फटीतून त्याने तो धागा समोर ताणलेल्या केसाच्या रेघेवर घेतला, आकडा लिहिला. खोडला. पुन्हा वाकला. तोच आकडा लिहिला. रेडिओला हात लावला नाही.

“लोन लार्च,” खालच्या ठाण्यावरून बाई विचारत होती, “विजांनंतर काही दिसतंय का?”

“थांबा. बघतोय.”

“आमची सहा माणसं सीडर क्रीकला पूल बांधतायत, ऑर्व्हल. म्हणून विचारलं.”

“म्हटलं ना, बघतोय.”

धागा मनगटाएवढा झाला. खाली वारा सुटला होता. झाडांचे शेंडे एकाच बाजूला लवत होते. ऑर्व्हल तिसऱ्यांदा वाकला. पुन्हा तोच आकडा लिहिला.

“सांगा ना त्यांना,” मी म्हणाले.

“वाफही असेल. आणि आकडा एकदा चुकला की माणसं चुकीच्या बाजूला पळतात, पोरी. मला माहीत आहे.” तो बाजूला झाला. “तू बघ. टीकेटलला वाढलीस. मर्लचा आकडा कधी चुकला नाही.”

मी वाकले. केसाची रेघ धुराच्या बुडाशी होती. धूर काळवंडत चालला होता. वाफ काळी होत नाही. एकशे सत्त्याण्णव. त्याच्या कागदावरही तेच, तीनदा.

“तुमचाच आकडा बरोबर आहे.”

“दोघांनी एकाच चकतीतून बघितलं. चकतीच हलली असेल तर?”

“सकाळी जुळवली होती?”

“तीनदा. रोज तीनदा जुळवतो, त्या सालापासून.” त्याने घाम पुसला. “दोन उन्हाळे मला खाली पायवाटा साफ करायला लावलं होतं. मी तेव्हाही खात्रीच दिली होती, ‘दोनदा बघितलं’ म्हणून. माझ्या खात्रीला काय किंमत आहे?”

रेडिओ पुन्हा खरखरला. त्याचा हात पुन्हा चकतीकडे गेला. मी तो मध्येच धरला, त्यात रेडिओ ठेवला, आणि सोडला नाही.

“ऑर्व्हल, तेव्हाही तुमचा आकडा बरोबर होता. सरकली होती ती आमची चकती. सकाळी टेबलावर मी चढले होते. बाबांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले.”